तीस टक्के म्हणजे किती? एका डिस्चार्ज कार्डाचं प्रकरण

मी कोल्हापुरातल्या एका रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक म्हणून काम करते. डॉक्टर एक सांगतात आणि घरचे दुसरंच ऐकून जातात, त्या मधल्या जागेत माझा दिवस जातो. हे प्रकरण त्याच जागेतलं आहे. कुटुंबाला विचारून लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रुग्णाला इथं आक्का म्हणते, कारण वॉर्डात सगळे त्यांना तसंच म्हणायचे.

पार्श्वभूमी

आक्का ६२ वर्षांच्या. करवीर तालुक्यात भोगावतीच्या काठाला गाव, दीड एकर ऊस, दोन म्हशी. थोरला मुलगा शिवाजी उद्यमनगरात लेथवर कामाला. सून घर आणि गोठा बघते, दोन्ही वेळचं दूध डेअरीला घालते. पुतण्या फार्मसीच्या पहिल्या वर्षाला. मुलगी इचलकरंजीला दिलेली.

आक्कांना दहा-बारा वर्षं बीपी. गोळी आठवली तर घ्यायची, संपली तर संपली. वैशाखात धाप लागायला लागली. चार पावलं चाललं की दम, आडवं झालं की जास्त. ‘दम लागतोय’ म्हटल्यावर गावात तो ‘दमा’ झाला आणि ओढायचा पंप हातात आला. महिनाभर त्यांनी तो इमानेइतबारे ओढला. मग पाय सुजले, चप्पल जाईना, तेव्हा मुलगा घेऊन आला.

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला. हृदयाचा डावा कप्पा मोठा झालेला, पंपिंग ३० टक्के. पाच दिवसांत औषधांनी अंगातलं पाणी काढलं, वजन चार किलोंनी उतरलं, धाप गेली. आक्का स्वतःच्या पायांनी चालत घरी गेल्या.

अकराव्या रात्री त्या परत आल्या. स्ट्रेचरवर, ऑक्सिजन लावून.

घरी काय पोहोचलं होतं

दुसऱ्या भरतीत तिसऱ्या दिवशी मला बोलावलं गेलं. चिठ्ठीत लिहिलं होतं: रुग्ण औषधं घेत नाही, समुपदेशन करावे. असा शेरा वाचला की मी आधी घरच्यांना एकच गोष्ट विचारते: तुम्हाला काय सांगितलं होतं? ‘गोळ्या का घेतल्या नाहीत’ असं विचारलं, की माणूस सफाई द्यायला लागतो. ‘काय सांगितलं होतं’ म्हटलं की तो गोष्ट सांगतो.

सुनेनं पिशवीतून कार्ड काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर आणखी एक पिशवी, म्हणजे किती जपलेलं ते कळावं. कार्ड सगळं इंग्रजीत. पहिल्या भरतीच्या वेळी दुपारी बेड रिकामा करायची घाई होती, डॉक्टरांनी उभ्या-उभ्या सांगितलेलं असं: ‘हार्ट फेल्युअर आहे, पंपिंग तीस टक्के आहे. गोळ्या बंद करायच्या नाहीत, मीठ-पाणी कमी, पंधरा दिवसांनी दाखवा.’ यातला एकही शब्द चुकीचा नाही. मी त्या डॉक्टरांना ओळखते. ते मनापासून काम करणारे आहेत.

घरी गेल्यावर पुतण्यानं कार्डावरची ओळ फोनवर टाकली. फोननं मराठी दिलं: ‘तीव्र विघटित हृदय अपयश’. ‘विघटित’ वाचून मुलाला वाटलं, आईचं हृदय आतून कुजायला लागलंय. ३० टक्क्यांची वजाबाकी करून त्यांनी ७० टक्के हृदय गेलं असं धरलं. इचलकरंजीहून मुलगी रडत आली. मुंबईचे पाहुणे येऊन बघून गेले. आक्कांपुढं कुणी काही बोलायचं नाही असं ठरलं.

पण घर म्हणजे दोन खोल्या. मी आक्कांजवळ बसले तेव्हा त्यांनी आवाज खाली घेऊन मला विचारलं, ‘ताई, माझं हृदय बंद पडलंय म्हणत्यात. मग मी बोलतो कशी?’

त्या प्रश्नाला अकरा दिवस कुणी उत्तर दिलेलं नव्हतं.

मग गोळ्यांची पिशवी गादीवर ओतली आणि एकेक पाकीट उचलून विचारत गेले. खरा उलगडा तिथं झाला.

पहिलं पाकीट, डापाग्लिफ्लोझिन. एकही गोळी कमी झालेली नव्हती. का? तर औषधाच्या दुकानात मुलानं विचारलं होतं ‘ही कशाची?’ आणि उत्तर मिळालं ‘शुगरची’. आईला साखर नाही, रिपोर्टही नॉर्मल, मग चुकून लिहिली असणार, म्हणून बाजूला ठेवली. दुकानदारही खोटं बोलला नाही. हे औषध मुळात मधुमेहासाठीच आलं. हृदय कमजोर असलेल्यांना, साखर असो वा नसो, ते उपयोगी पडतं हे २०१९ मध्ये मोठ्या अभ्यासातून पुढं आलं आणि मग ते त्यासाठीही दिलं जाऊ लागलं. एवढं लांबलचक उत्तर दुकानाच्या फळीवर कोण देणार?

दुसरं आणि तिसरं, मेटोप्रोलॉल आणि रॅमिप्रिल. ही ‘बीपीची’. चौथ्या दिवशी गावात बीपी मोजलं, १०४/७० आलं. ‘लो आहे’ म्हणून दोन्ही बंद. मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम तोडणं धोक्याचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्यांच्या हिशेबानं तर्क सरळ होता: बीपी वाढलं तर बीपीची गोळी, नाही वाढलं तर कशाला.

चौथं, टॉर्सेमाइड, ‘लघवीची गोळी’. ही घरी असल्या दिवशी घेतलेली. एसटीनं बाहेर जायचं असलं की नाही. बाईमाणसानं वाटेत उतरायचं कुठं? हा प्रश्न खरा आहे आणि आम्ही कधी विचारत नाही.

पाचव्या पाकिटापाशी मी थांबले. साधी पॅरासिटामॉल, तापासाठी, कार्डावर पुढं लिहिलं होतं ‘एसओएस’. डॉक्टरी लिखाणात ही लॅटिनमधली खूण आहे, अर्थ ‘गरज पडली तर’. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस रात्री झोपताना, तशीच ही. पुतण्याला ‘एसओएस’ माहीत होतं ते बुडणाऱ्या जहाजाच्या संकटाच्या हाकेतलं. त्यामुळं त्या घरात ती ‘जीव वाचवायची गोळी’ झाली होती आणि देव्हाऱ्याशेजारच्या डबीत वेगळी ठेवलेली होती. अकराव्या रात्री दीडच्या सुमाराला आक्का धाप लागून उठून बसल्या, तेव्हा सुनेनं धावत जाऊन ती डबी आणली. एक गोळी दिली. अर्ध्या तासानं दुसरी. ‘आता उतरंल’ म्हणून वाट बघत बसले. गाडी सांगितली ती साडेतीननंतर.

दोन तास. सून हे सांगताना डबीचं झाकण उघड-बंद करत होती.

मीठ राहिलं. ‘मीठ कमी’ हे त्यांनी पाळलं होतं, तेही कडक. साधं मीठ घरातून बंद करून सैंधव आणलं होतं. उपासाला चालतं, म्हणजे ते मीठ नव्हे, अशी समजूत. सैंधवही सोडियम क्लोराइडच. हृदयाला दोन्ही सारखंच. वर पापड, लोणचं, खर्डा रोजचा. त्याला ‘मीठ खाणं’ कुणी म्हणतच नाही.

अडचण नेमकी कुठली

बाहेरून बघितलं तर हे ‘औषध न घेणारं’ कुटुंब. पण यातली एकही गोष्ट निष्काळजीपणातून झाली नव्हती. प्रत्येक पाकिटामागं विचार होता, आणि तो विचार हातात असलेल्या शब्दावर उभा होता. ‘शुगरची’, ‘बीपीची’, ‘फेल’, ‘एसओएस’.

आमच्या क्षेत्रात यावर पहिला उपाय सुचतो तो मराठीकरणाचा. कार्ड मराठीत द्या, प्रश्न संपला. मी हे मनापासून मागणारी आहे आणि तरीही सांगते, की या घराचा घात इंग्रजीइतकाच मराठीनंही केला. ‘हृदय निकामी होणे’ हे वर्तमानपत्रात छापून येणारं शुद्ध मराठी आहे. निकामी म्हणजे काय? भंगारात घालण्याजोगं. ‘अक्यूट’ला आपण ‘तीव्र’ म्हणतो. मूळ अर्थ अचानक सुरू झालेलं किंवा एकाएकी वाढलेलं, पण ऐकणाऱ्याला ‘फार वाईट’ एवढंच ऐकू येतं. ‘क्रॉनिक’ म्हणजे जुनं, लांबलेलं. ते लोकांना ‘शेवटच्या टप्प्याचं’ वाटतं. ‘छातीत पाणी’ म्हटलं की सुई घालून पाणी काढतात ते आठवतं, नाहीतर टीबी. ‘काळीज’ हा किती जवळचा शब्द, पण मटणाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत, त्यामुळं तोही मी जपून वापरते.

समोरचे पर्याय

आक्कांना सुट्टी मिळायला तीन दिवस होते. डॉक्टर, वॉर्डातल्या सिस्टर आणि मी बसलो.

एक म्हणजे डॉक्टरांनी पुन्हा एकदा नीट सांगायचं. ते तयार होते, पण ओपीडीच्या गर्दीत दहा मिनिटंही अवघड, आणि आधीही त्यांनी सांगितलंच होतं. जास्त वेळ सांगितल्यानं जास्त समजेल, याची मला खात्री वाटेना.

दुसरा, कार्डाचं मराठी भाषांतर करून देणं. ते करायचं ठरलं, पण एकट्यानं भागणार नव्हतं.

तिसरा पर्याय सिस्टरांनी मांडला: गावच्या आशाताईंना फोन करून रोज गोळ्या तपासायला सांगायचं. उपयोगाचा होता. पण त्यानं गोळी पोटात जाईल, ती कशाची हे कळणार नाही, आणि पहिल्या अडचणीला पुन्हा कुणीतरी घरच्या घरी तर्क लावील असं मला वाटलं.

चौथा वेळखाऊ होता. आजार त्यांच्या रोजच्या जगातल्या शब्दांत सांगायचा, एका कागदावर उतरवायचा, आणि त्यांच्याकडून परत ऐकायचा. ‘समजलं का?’ असं विचारायचं नाही, त्याला सगळेच ‘हो’ म्हणतात. ‘घरी गेल्यावर धाकट्या जावेला कसं सांगाल, मला तसंच सांगा’ असं म्हणायचं. आम्ही हा चौथा घेतला आणि आशाताईंना फोनही केला.

त्याआधी एक गाठ सोडवायची होती. मुलगा मला जिन्यात गाठून म्हणाला, ‘आईला काय सांगू नका. ऐकूनच जाईल ती.’ त्याचे डोळे भरलेले होते. त्याला परस्पर ‘नाही’ म्हणणं सोपं होतं, नियमानं बरोबरही. मी म्हटलं, ‘आपण आक्कांनाच विचारू, त्यांना किती ऐकायचंय.’ डॉक्टरांसमोर विचारलं. आक्का लेकाकडं बघत म्हणाल्या, ‘सगळं सांगा. गोळ्या मला खायच्यात, ह्याला न्हाईत.’

काय केलं

पहिल्या दिवशी मी फसले. हृदयाचं चित्र काढलं आणि म्हटलं, ‘आक्का, तुमच्या पंपाचा जोर कमी झालाय.’ आक्का मान डोलावत होत्या. परत सांगायला लावलं तेव्हा म्हणाल्या, ‘पंप जोरानं ओढायचा. दिवसातनं चारदा.’ महिनाभर ज्या पंपाशी त्यांची गाठ होती तो दम्याचा होता. त्यांना दुसरा पंप का आठवावा? परत विचारलं नसतं तर मी समाधानानं उठून गेले असते आणि चिठ्ठीवर ‘समुपदेशन झाले’ असं लिहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी ‘पंप’ टाकून ‘मोटर’ घेतली. नदीवरची मोटर त्या गावात प्रत्येकाला ठाऊक. मुलाला विचारलं, ‘मोटर चालू आहे, पण रानाच्या टोकाला पाणी पोचत नाही, असं कधी होतं?’ तो म्हणाला, ‘दाब कमी पडला की.’ तेच तुमच्या आईचं. मोटर बंद नाही, दाब कमी आहे. पुढं पाणी कमी जातं म्हणून थकवा. मागं तुंबतं म्हणून फुप्फुसात ओल धरते आणि धाप लागते, पायात उतरतं आणि सूज येते. ते सुईनं काढायचं पाणी नाही, गोळीनं लघवीवाटे जाणारं आहे. मग त्यानंच विचारलं, ‘म्हणजे हा अटॅक न्हवं?’ नव्हे. अटॅक म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त देणारी नळी तुंबणं. मोटरची वीज एकदम जावी तसं हृदय अचानक थांबलं, तर तो कार्डिॲक अरेस्ट. तीन गोष्टी वेगळ्या. लोकांच्या बोलण्यात मात्र तिन्हींना ‘हार्ट फेल’ हा एकच शब्द आहे, आणि तो बहुतेक वेळा कुणीतरी गेल्याच्या बातमीत येतो.

मोटरचाही त्रास झाला. मुलगा उद्यमनगरातला. त्याचा चेहरा उजळला आणि तो म्हणाला, ‘मग वाइंडिंग करून घेऊ की! किती खर्च येईल?’ मी उपमा दिली होती, तो तिच्या शेवटपर्यंत गेला. स्नायूचं वाइंडिंग होत नाही, हे त्याला सांगताना मला जड गेलं. पण त्याच धाग्यावर पुढं जाता आलं: भार हलका केला तर हा स्नायू काही जणांत हळूहळू पुन्हा जोर धरतो, आणि ‘बीपीच्या’ म्हणून बंद केलेल्या गोळ्या नेमकं तेच काम करतात. म्हणून बीपी १०४ असतानाही त्या घ्यायच्या. चक्कर येत नाही ना, लघवी होते ना, हे बघायचं. आक्कांपुरता हा आकडा चालेल, असं डॉक्टरांनी तिथंच सांगितलं.

३० टक्क्यांचा गुंता मात्र माझ्याच्यानं सुटत नव्हता. मी सांगत होते की निरोगी माणसाचं हृदयही एका ठोक्याला आतलं सगळं रक्त ढकलत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के ढकलतं, बाकीचं आत राहतं. शंभर कुणाचंच नसतं. मुलगा ऐकत होता, पण शाळेतले ३० टक्के त्याच्या डोक्यातून जाईनात. पस्तीसला पास, म्हणजे आई नापास.

तोवर गप्प बसलेली सून म्हणाली, ‘फॅटसारखं हाय काय ते?’

मला आधी कळलं नाही. मग तिनं नवऱ्याला समजावलं. आपल्या म्हशीच्या दुधाला डेअरीत सात फॅट लागली तर आपण खूश होतो. उरलेलं त्र्याण्णव टक्के दूध खराब, असं म्हणतो काय? चांगली म्हैस असंल तर सात, गायीला चार. पाच लागली तर म्हशीला पेंड कमी पडली म्हणायचं. शंभर फॅट कुणाच्या म्हशीला लागत्यात?

मुलगा हसला. अकरा दिवसांनंतर पहिल्यांदा. मग म्हणाला, ‘म्हणजे साठातलं तीस.’ साधारण निम्मं. कमी आहेच, आजार मोठा आहेच, हे मी लपवलं नाही. पण ७० टक्के कुजलंय आणि निम्म्या जोरावर चाललंय, या दोन्हींत आई मरणार आणि आईला जपायचंय एवढा फरक आहे.

सुनेच्या त्या वाक्यानं आणखी एक दार उघडलं. डेअरीच्या वहीत ती रोज दोनदा लिटर आणि फॅट बघते, लिहिलेलं नीट आहे का तपासते. रोजचा आकडा लिहायची आणि तो हलला की कारण शोधायची तिला सवय होती. आम्ही आक्कांच्या रोजच्या वजनाची नोंद डेअरीच्या जुन्या वहीत मागच्या पानापासून सुरू केली. मुलानं लक्ष्मीपुरीतून वजनकाटा आणला.

कागदावर शेवटी एवढंच ठेवलं. सकाळी उठून लघवी झाली की, चहाच्या आधी वजन. एका दिवसात एक किलोच्या वर वाढलं किंवा तीन दिवसांत दोन किलो, तर त्याच दिवशी फोन. पायावर बोट दाबल्यावर खड्डा राहिला तर फोन. बसल्या जागी धाप, छातीत कळ, ओठ निळे, शुद्ध हरपणं यांतलं काहीही झालं तर १०८, कुठलीही गोळी देत बसायचं नाही. गोळ्यांपुढं त्यांची कामं लिहिली, रिकाम्या पाकिटाचा तुकडा चिकटवून: ‘पाणी काढणारी’, ‘भार हलका करणारी’, ‘ठोके सावकाश करणारी’, ‘हृदयासाठीच, साखर नसली तरी’. सकाळच्या गोळीपुढं सूर्य, रात्रीच्या पुढं चंद्र. पॅरासिटामॉलपुढं ‘फक्त तापाला’.

‘रात्री धाप लागली तर’ अशी माझी एक ओळ होती. आक्कांनी ती बदलून घेतली. ‘धाप तर म्हशीमागं पळालं की लागत्याच. दुसरी उशी लागाय लागली तर, असं लिवा.’ धापेची व्याख्या मी पुस्तकात वाचलीय. त्यांनी ती उशीवर झोपून अनुभवली होती. ओळ त्यांच्या शब्दांत गेली.

लघवीच्या गोळीची वेळ डॉक्टरांनी सैल केली. प्रवासाच्या दिवशी परत आल्यावर, पण दुपारी चारच्या आत, चुकवायची मात्र नाही. पाणी दिवसाला दीड लिटर, त्यात चहा, ताक, आमटी, रस्सा सगळं धरायचं. ‘रस्सा पण?’ असं तिघांनी एकदम विचारलं. हो, रस्सा पण. सैंधवावर पुतण्यानं दुकानातलं ‘कमी सोडियमचं’ मीठ सुचवलं. तेही नको, त्यात पोटॅशियम असतं आणि आक्कांच्या काही गोळ्यांबरोबर ते रक्तात वाढू शकतं. साधंच मीठ, पण घरातल्या चमच्यानं मोजून.

पुढे काय झालं

आषाढात गावातल्या मंडळींबरोबर आक्का टेंबलाईच्या यात्रेला गेल्या. पंचगंगेचं नवं पाणी देवीला घालायचं, वाजतगाजत जायचं, दुपारी मटणाचं जेवण. दुसऱ्या दिवशी वजन ९०० ग्रॅम वर, तिसऱ्या दिवशी दोन किलो. धाप नव्हती, सूज नव्हती, आक्का ‘काय होत नाही’ म्हणत होत्या. सुनेनं वही बघितली आणि फोन केला. डॉक्टरांनी चार दिवसांसाठी गोळी वाढवून दिली, तपासणीला बोलावलं, वजन जागेवर आलं. भरती टळली. फोनवर सुनेचं पहिलं वाक्य होतं, ‘ताई, फॅट बरी हाय पण लिटर वाढलंय.’ मला हसावं की रडावं कळेना.

भाद्रपदात मात्र चूक झाली, आणि ती माझ्या कागदानं केली. तपासणीत रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) थोडं वर दिसलं म्हणून डॉक्टरांनी लघवीची गोळी निम्मी केली. कार्डावर तसं लिहिलं, तोंडी सांगितलं. पण भिंतीवर माझा कागद होता, त्यावर पूर्ण गोळीचं चित्र, आणि त्या घरानं तोवर कागदावर पुरता भरवसा ठेवला होता. नऊ दिवस आक्कांनी पूर्ण गोळी घेतली. गोठ्यात उठताना चक्कर येऊन खाली बसल्या. पडल्या नाहीत, दावं हाताला लागलं म्हणून.

दिवाळीनंतरच्या इकोत ३० चं ४० झालं होतं. वैशाखानंतरच्या त्या दुसऱ्या भरतीनंतर त्यांना पुन्हा दाखल करावं लागलेलं नाही. गोळ्या आयुष्यभराच्या आहेत, हे त्यांना माहीत आहे.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या सुट्टीचा दिवस. तिथं दहा मिनिटं कमी पडली एवढंच मी म्हणणार नाही. सांगणाऱ्यानं कुणाला सांगितलं, हे जास्त महत्त्वाचं होतं. डॉक्टर मुलाशी बोलले, कारण तो पुढं उभा होता. गोळ्या काढून देणारी सून तेव्हा पिशव्या भरत होती. आता मी आधी विचारते, ‘घरी गोळ्या कोण देतं?’ आणि त्या माणसाला खुर्ची देते.

‘एसओएस’ हे अक्षर कार्डावरून जाऊ शकतं, आजच. ‘ताप आला तर’ लिहायला दोन सेकंद जास्त लागतात. आमच्या वॉर्डात सुट्टीच्या कार्डावर ही खूण आता शब्दांत लिहितात. बाकीच्या खुणांबद्दल अजून बोलणं चालू आहे.

उपमांबद्दल माझं मत या प्रकरणानं बदललं. मी पूर्वी चांगली उपमा शोधत असे. पंप फसला, मोटर अर्धी चालली, आणि जी चालली ती मी दिलेलीच नव्हती. मी पहिल्याच दिवशी सुनेला विचारायला हवं होतं, की टक्के तुम्ही रोज कुठं बघता. दोन दिवस मी तिला फक्त ‘नातेवाईक’ समजत होते.

आक्कांपासून लपवायचं की नाही, तिथं आम्ही त्यांनाच विचारलं ते बरोबर झालं असं मला वाटतं. पण आणखी लवकर विचारता आलं असतं. पहिल्या भरतीत कुणीतरी पाच मिनिटं त्यांच्याजवळ बसलं असतं, तर ‘मी बोलतो कशी’ हा प्रश्न घेऊन त्या अकरा रात्री झोपल्या नसत्या.

औषधाच्या दुकानाला आम्ही या साखळीत धरलंच नव्हतं. ‘ही कशाची?’ हा प्रश्न शेवटी तिथंच विचारला जातो. आता चिठ्ठीवर डापाग्लिफ्लोझिनपुढं आमचे डॉक्टर ‘हृदयासाठी’ असं लिहून देतात.

आणि कागद. त्यावर तारीख नव्हती, आणि नवा देताना जुना परत घ्यायचा असं कुणी ठरवलं नव्हतं. साध्या भाषेतला कागद लोक खरंच वाचतात, म्हणून तो जुना झाला की इंग्रजी कार्डापेक्षा जास्त धोक्याचा. आता वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात तारीख असते आणि दर तपासणीला जुना कागद आणल्याशिवाय नवा मिळत नाही.

आक्कांचा सध्याचा कागद पाचवा आहे. दुसऱ्या उशीची ओळ पाचही कागदांत तशीच आहे. मागच्या खेपेला सून एकटीच आली होती, जुना कागद आणि डेअरीची वही घेऊन. सोबत तिच्या जावेच्या वडिलांचा इको रिपोर्ट होता. ‘ह्यांची फॅट किती हाय, बघता काय?’ म्हणाली.